वाचक विचारतात : मॅनेजमेंटची मुले गावात येणार, त्यांना काम काय द्यायचे?

व्यवस्थापन महाविद्यालये आणि गावात काम करणाऱ्या संस्था यांनी एकत्र काम कसे करावे, याबद्दल विदर्भातून बरेच प्रश्न आले. त्यातले सात इथे घेतले आहेत. पत्रे थोडी कापली आहेत आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न : राळेगाव तालुक्यात आमच्या संस्थेचे अकरा बचत गट तूरडाळ करून विकतात. नागपूरच्या एका मॅनेजमेंट कॉलेजने मे-जूनमध्ये दोन महिने सहा विद्यार्थी पाठवायची तयारी दाखवली आहे. ‘तुमचा मार्केटिंग प्लॅन आणि ब्रँडिंग करून देतो’ असे ते म्हणतात. हो म्हणावे का?
– सचिव, महिला संस्था, जि. यवतमाळ

विद्यार्थ्यांना हो म्हणा, मार्केटिंग प्लॅनला नको. लोगो, पाकिटाचे डिझाइन, इन्स्टाग्रामचे पान आणि वीस स्लाइड एवढे सहा मुले सहज करून देतात. पुढच्या हंगामात त्यातले काहीच वापरात नसते, कारण अडचण तिथे नसतेच. एक किलो डाळ आपल्याला नेमकी कितीला पडते, हे आधी गटांना विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी उत्तर येत नाही, किंवा प्रत्येक गटाचे वेगळे येते. हा हिशेब मात्र एमबीएच्या पहिल्याच वर्षात शिकवतात.

नमुना म्हणून मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. एक क्विंटल तूर ७,५०० रुपयांना घेतली. आणणे, हमाली आणि चाळणी २०० रुपये, मिलची भरडाई ५००, निवडायला दोन बायांची मजुरी ५००. डाळ निघाली ७२ किलो. पाकीट आणि लेबल नगाला ४ रुपये, म्हणजे २८८. एकूण ८,९८८ रुपये झाले. चुनी-भुसा २२ किलो निघाला, तो ढोरांसाठी २० रुपयांनी गेला, म्हणजे ४४० वजा. राहिले ८,५४८. भागिले ७२ केले की किलोला ११८ रुपये ७२ पैसे पडतात.

आता उतारा ७२ वरून ६८ वर आला असे धरा. पाकिटे चार कमी लागली, चुनी चार किलो वाढली, तरी तोच किलो १२४ रुपयांच्या वर जातो. उतारा का घसरतो? तुरीला तेल-पाणी दिल्यावर ऊन पुरेसे मिळाले नाही की साल सुटत नाही. मग तोच माल मिलमधून पुन्हा काढतात आणि डाळीचा चुरा होतो. ढगाळ आठवड्यातला लॉट आणि कडक उन्हातला लॉट वेगळा तोलला नाही, तर हा फरक वहीत कधी दिसणारच नाही.

पुढे उधारी. दहा क्विंटलच्या लॉटमध्ये ८५,४८० रुपये अडकले. भरडाईला पंधरा दिवस, दुकानात जायला पंधरा दिवस आणि दुकानदाराची उधारी पंचेचाळीस, असे पंचाहत्तर दिवस झाले. वर्षाला १२ टक्क्यांनी त्याचे व्याज साधारण २,१०० रुपये, म्हणजे किलोला जवळपास ३ रुपये. पडता भाव झाला पावणेएकशेबावीसच्या आसपास. पाकिटावर १४० छापले आणि दुकानदाराने दहा टक्के घेतले, तर हातात १२६ येतात. किलोमागे चार-साडेचार रुपये उरले. त्यातूनच फुटलेले पाकीट, कीड लागलेला माल आणि तुमच्या हिशेबनीस ताईंचा पगार निघायचा आहे. या अवस्थेत ब्रँडिंग करून जास्त माल विकला तर पैसा जास्त अडकेल, एवढेच.

म्हणून कॉलेजला काम एका वाक्यात लिहून द्या : ‘७ जूनपर्यंत तीन लॉट प्रत्यक्ष काट्यावर तोलून प्रत्येकाचा किलोमागे पडता भाव काढायचा, कोणत्या दुकानदाराकडे किती दिवसांची उधारी आहे त्याची यादी करायची, आणि ही शीट आमच्या हिशेबनीस ताईंनी स्वतः भरून दाखवली की काम संपले.’ तारीख ७ जून यासाठी, की पाऊस लागला की वाळवण संपते आणि मोजायला लॉटच उरत नाही.

सहा जण मात्र जास्त होतात. या कामाला दोघे पुरेत, फार तर तिघे. जास्त आले की ते एकमेकांतच बैठका घेत बसतात. उरलेल्यांना शेजारच्या संस्थेकडे पाठवा. आणि जीएसटीचा प्रश्न मुलांवर सोपवू नका. २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळीला १८ जुलै २०२२ पासून कर लागू झाला आहे. तुमच्या उलाढालीला नोंदणी लागते की नाही, हे सीएला विचारा.

प्रश्न : कॉलेज पैसे मागत नाही, आम्हीही देत नाही. सगळे मोफत. मग करार कशाला? उगाच संशय घेतल्यासारखे वाटते.
– कोषाध्यक्ष, शेती विकास संस्था, चिखली तालुका, जि. बुलडाणा

मोफत कोणाला? हिशेब करू. तुमचा एक कार्यकर्ता दोन महिने अर्धा वेळ मुलांसोबत फिरणार. त्याचा पगार महिना १४,००० असेल तर १४,००० रुपये तिथे गेले. मोटारसायकल रोज ४० किलोमीटर, ४० दिवस, म्हणजे पेट्रोलचे पावणेचार हजार. सहा मुलांचे जेवण पन्नास दिवस, माणशी रोज १५० धरले तर ४५,०००. साठ हजारांच्या वर गेले, आणि हा खर्च तुमच्या कोणत्याही देणगीदाराच्या बजेटमध्ये बसत नाही. मग तो कुठल्या तरी दुसऱ्या खात्यातून काढला जातो आणि ऑडिटमध्ये अडकतो.

तेव्हा राहणे, जेवण आणि प्रवास कॉलेजने करायचा, निदान विद्यार्थ्यांपुरता तरी, हे लिहून घ्या. अपघात विमा कॉलेजने काढायचा. गावातल्या मोटारसायकलवर मागे बसून फिरणारी मुले आहेत, हे कलम शोभेचे नाही. शिव्या-भांडणे, छेडछाड अशी तक्रार झाली तर कोणाकडे जायचे हेही ठरवा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे तुमच्याकडे अंतर्गत समिती असायलाच हवी. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता करारात घाला. मुलींच्या मुक्कामाची जागा संस्थेच्या बाईने आधी स्वतः पाहिलेली असावी. संडास, कडी, पाणी आणि रात्री फोन लागतो का, एवढे तपासा.

करार ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करा. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० चा पेपर अशा कामांना चालत नाही. तुमच्याकडून विश्वस्त मंडळाच्या ठरावाने अधिकार दिलेल्या व्यक्तीने सही करायची, कॉलेजकडून संचालक किंवा कुलसचिवांनी. सगळ्यात जास्त घसरगुंडी इथेच होते. सही एका उत्साही प्राध्यापकाची असते, पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कॉलेजात जातात आणि नव्या माणसाला या संस्थेचे नावही माहीत नसते.

मुलांनी गोळा केलेली माहिती कोणाची, हेही लिहा. कच्ची माहिती संस्थेकडे राहील. कॉलेजला शोधनिबंधासाठी हवी असेल तर नावे, फोन आणि आधार क्रमांक काढून द्यायची. आधारची झेरॉक्स तर कोणत्याच पाहणीला लागत नाही, मागितली तरी देऊ नका. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात संमती आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती हे दोन्ही आले आहे.

संशयाचे म्हणाल, तर आपल्याकडे शेत मक्त्याने देताना भावाभावांतही कागद होतो. त्याला कोणी संशय म्हणत नाही.

प्रश्न : एमबीएच्या प्रकल्पासाठी अचलपूर आणि धारणी भागात शेतकरी कुटुंबांची पाहणी करायची आहे. चौसष्ट प्रश्नांची प्रश्नावली केली आहे, नमुना ४०० कुटुंबांचा. गाइड सरांनी मान्य केले. संस्थेचे लोक मात्र नाक मुरडतात. काय चुकले?
– विद्यार्थी, अमरावती

नाक मुरडायला कारण आहे. चौसष्ट प्रश्नांना एका घरी तास-सव्वा तास लागतो. दिवसाला पाच-सहा घरे झाली तर ४०० घरांना एकट्याला अडीच महिने लागतील. तेवढे दिवस तुझ्याकडे नाहीत. मग शेवटची दीडशे फॉर्म पारावर बसून भरली जातात, हे संस्थेच्या लोकांना पाठ आहे.

४०० हा आकडा कुठून आला तेही बघ. मोठ्या लोकसंख्येला पाच टक्के चूक धरली की सूत्रातून चारशे निघतात, म्हणून तो आकडा सगळ्या प्रबंधांत दिसतो. तेच सूत्र २५० कुटुंबांच्या गावाला लावले तर २५० भागिले १.६२५, म्हणजे १५४ येतात. आणि संस्थेचे सभासदच ऐंशी असतील तर नमुना काढायचाच नाही, ऐंशीही घरी जायचे.

प्रश्न वीसवर आण. कोणते काढायचे, याची कसोटी सोपी आहे : या प्रश्नाचे उत्तर वेगळे आले तर संस्था काही वेगळे करणार आहे का? नसेल तर काढून टाक. घराला किती खिडक्या आहेत याने कोणाचे काम बदलत नाही.

‘वार्षिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न सगळ्यात आधी काढ. शेतकऱ्याला पगाराची स्लिप नसते. वर पिवळे-केशरी रेशन कार्ड, पीककर्ज, घरकुल यांच्या भीतीने आकडा खाली येतो. पिकाने विचार. कापूस किती एकर लावला, किती क्विंटल निघाला, किती वेचे झाले, वेचाईचा दर काय दिला, कुठे विकला, भाव काय मिळाला, वजनात कट्टी किती कापली. हेक्टर कोणी बोलत नाही, एकरच विचार. खर्च आधी आणि विक्री नंतर, कारण खर्च सांगताना माणूस मोकळा होतो. ओलावाही विचार : कापसाला सीसीआयचा (भारतीय कापूस महामंडळाचा) पाया ८ टक्के आहे, त्यावर कपात होते आणि १२ च्या पुढे घेतच नाहीत. एकाच गावात दोघांना वेगळा भाव का मिळाला, याचे उत्तर बऱ्याचदा याच एका आकड्यात असते. आणि खेडा खरेदीत, घरी येऊन गाडी भरणाऱ्या व्यापाऱ्याकडे, ओलावा मोजायचे यंत्रच नसते, हाताने दाबून ठरते. तिथे ‘भाव कमी का घेतला’ असे न विचारता ‘पैसे किती दिवसांनी मिळाले’ असे विचार.

कर्जाचा प्रश्न पहिल्या भेटीत नको. बँकेचे कर्ज सांगतात, कृषी केंद्राची उधारी हसून सांगतात, सावकाराचे सांगत नाहीत. बाईला आणि माणसाला वेगवेगळे विचारले तर दोन आकडे येतील आणि दोन्ही खरे असतील.

वेळ पाहा. मेमध्ये सकाळी दहानंतर कोणाच्या दारात उभे राहू नये. पहाटे सहा ते नऊ आणि संध्याकाळी सातनंतर लोक भेटतात. मृगाचा पाऊस झाला की पेरणी, मग कोणी वावरातून येत नाही. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी, नोव्हेंबरपासून वेचे. धारणीकडे तर भाषाच कोरकू आहे. मराठी प्रश्नाला ‘हो’ म्हणणे ही तिथली सभ्यता असू शकते, ते उत्तर समजू नको. गावातली आशाताई किंवा शिकलेली मुलगी दुभाषी म्हणून घे आणि तिला दिवसाची मजुरी दे. ती फुकट येईल असे धरून चालायचे नाही.

आधी दहा घरी करून बघ, फॉर्म बदल, मग पुढे जा. ही दहा घरे शेवटच्या आकड्यात धरायची नाहीत.

प्रश्न : मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मासेमारी करणाऱ्या ढीवर कुटुंबांसोबत आमचा ट्रस्ट काम करतो. एका कॉलेजने ‘कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) आमच्यामार्फत तुम्हाला मिळवून देऊ’ असे सांगितले. आमच्याकडे धर्मादाय नोंदणी आहे. चालेल का? ते प्रकल्पाचे मूल्यमापनही स्वतःच करणार म्हणतात.
– विश्वस्त, साकोली तालुका, जि. भंडारा

नुसत्या धर्मादाय नोंदणीवर चालणार नाही. कंपनी कायदा २०१३चे कलम १३५ ज्या कंपनीला लागू होते (नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यापैकी एक), तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात. तो पैसा ट्रस्टमार्फत खर्च करायचा तर ट्रस्टकडे आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी, अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाचा सीएसआर-१ क्रमांक लागतो. हा फॉर्म ऑनलाइन भरतात. विश्वस्ताची डिजिटल सही लागते आणि सीए, सीएस किंवा कॉस्ट अकाउंटंटची पडताळणी. फॉर्म अडतो तो बहुधा जुन्या विश्वस्तांच्या नावांपाशी. मयत विश्वस्ताचे नाव धर्मादाय आयुक्तांकडे अजून चालू असते, बदल अर्ज मंजूर झालेला नसतो आणि पॅनवरचे नाव घटनेशी जुळत नाही. म्हणून सीएसआरच्या मागे लागण्याआधी बदल अर्ज निकाली काढा.

कॉलेजमार्फत पैसा येणार म्हणजे नक्की कसा, ते विचारा. कंपनीचा करार कॉलेजशी झाला तर कंपनीच्या कागदावर अंमलबजावणी करणारी संस्था कॉलेज असते आणि तुम्ही त्यांचे ठेकेदार. जाळी, बोटुकली (माशांची पिल्ले), बर्फाची पेटी यांची बिले कोणाच्या नावावर, हे तेव्हाच ठरते. जमेल तर करार तिघांत करा आणि तुमच्या हिश्श्याचा पैसा कंपनीकडून थेट तुमच्या खात्यात घ्या.

‘५ टक्क्यांच्या वर पगार देता येत नाही’ असे कोणी सांगेल. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे, तुमच्या तलावावर काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या पगाराला नाही. पगार प्रकल्पाच्या बजेटमध्ये स्वतंत्र ओळीत दाखवा. हे न दाखवता संस्था मान खाली घालून प्रस्ताव देतात आणि वर्षभर कार्यकर्त्याचा पगार उसनवारीवर चालतो.

मूल्यमापनाचे सरळ आहे : जो प्रकल्प चालवतो त्याने त्याला गुण द्यायचे नाहीत. कायद्यातले सक्तीचे परिणाम मूल्यमापन तर मोठ्या कंपन्यांना आहे, म्हणजे सरासरी सीएसआर १० कोटी किंवा जास्त आणि प्रकल्प १ कोटी किंवा जास्त खर्चाचा असेल तर. तेही प्रकल्प संपून एक वर्ष झाल्यावर, स्वतंत्र संस्थेकडून. तुमच्या सहा-आठ लाखांच्या कामाला ते लागू नाही. तुमच्यासाठी एवढे पुरे : बोटुकली सोडण्याआधी प्रत्येक तलावाची मागच्या हंगामाची पकड आणि विक्री नोंदवा, आणि ज्या एक-दोन तलावांवर काम करणार नाही तिथलीही तशीच नोंद ठेवा. पाऊस चांगला झाला तर सगळ्याच तलावांत मासे वाढतात, आणि तुलनेला दुसरा तलाव नसेल तर ते श्रेय प्रकल्पाच्या नावावर जाते.

कॉलेजच्या परदेशी भागीदार विद्यापीठाकडून पैसे येतील असे कोणी म्हणाले तर थांबा. एफसीआरए (परदेशी देणगी कायदा) नोंदणी किंवा केंद्राची पूर्वपरवानगी नसेल तर एक रुपयाही घेता येत नाही. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ज्यांच्याकडे ती नोंदणी आहे त्यांनाही तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला आहे. तेंदूपत्त्याचा लिलाव ग्रामसभाच करते. एका संस्थेसोबत मॅनेजमेंटचे विद्यार्थी ‘व्हॅल्यू चेन’ अभ्यासायला येणार आहेत. परवानगी संस्थेची पुरेशी आहे का?
– ग्रामसभा सदस्य, धानोरा तालुका, जि. गडचिरोली

नाही. संस्था तुमची मदतनीस आहे, मालक नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपज ग्रामसभेच्या ताब्यात दिले आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणारे मेंढा-लेखा तुमच्याच तालुक्यातले, तेव्हा हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. विद्यार्थ्यांनी ग्रामसभेत यायचे, काय विचारणार आणि माहिती कुठे जाणार ते सांगायचे आणि ठराव नोंदवहीत लिहायचा. गोंडीतून सांगितले गेले पाहिजे, नुसते मराठीतून नाही.

ते यायचेच तर ‘व्हॅल्यू चेन’पेक्षा उपयोगाचे काम त्यांच्याकडून घ्या. तेंदूचा हिशेब चुकतो तो तीन ठिकाणी. फळीवर (पत्ता गोळा करायच्या जागी) पुडे मोजताना सडका किंवा लहान पत्ता म्हणून किती बाद झाले, हे मजुराच्या कार्डावर लिहिले जात नाही. आपल्याकडे पुडा ७० पानांचा आणि मानक गोणी हजार पुड्यांची, पण ठेकेदाराच्या गोदामात बोद (मोठी पोती) भरताना गोण्यांचा आकडा बदलतो. आणि ठेकेदाराचे हप्ते करारात लिहिल्या तारखेला येत नाहीत, त्याची कोणी नोंद ठेवत नाही. मजुराचे कार्ड, फळीची वही, ठेकेदाराची पावती आणि बँकेचे पासबुक हे चार कागद रोज संध्याकाळी जुळवणारी एक पानी पद्धत विद्यार्थ्यांनी बसवून द्यावी. त्यासाठी त्यांना एप्रिलच्या शेवटीच यावे लागेल, कारण तोड दोन-तीन आठवड्यांत आटोपते. कॉलेजची परीक्षा तेव्हाच असते. ती अडचण कॉलेजने सोडवायची, ग्रामसभेने नाही.

पुढच्या लिलावासाठी करारनाम्याचा मसुदा वाचून घ्यायलाही हीच मुले चांगली. बयाणा किती, उशिराच्या हप्त्याला व्याज किती, माल उचलायच्या आधी किती टक्के रक्कम जमा हवी, ही तीन कलमे कोरी असतील तर लिलावातला चढा भाव कागदावरच राहतो.

प्रश्न : आमच्या कॉलेजात उन्नत भारत अभियानाखाली (कॉलेजांनी गावे दत्तक घ्यायची केंद्राची योजना) पाच गावे आहेत, एनएसएसही आहे. एमबीएचा सामाजिक प्रकल्प त्यातच बसवावा का? श्रेयांक कसे द्यावेत?
– प्राध्यापक, वर्धा

एनएसएसपासून वेगळा ठेवा. एनएसएस म्हणजे वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचे शिबिर. श्रमदान, जनजागृती त्यात छान बसते, पण पडता भाव काढायचे काम बसत नाही. उन्नत भारतची गावे वापरता येतील, मात्र पाचही गावांत विद्यार्थी सोडू नका. एका गावातली एक संस्था निवडा आणि तीन वर्षे तिथेच राहा. दरवर्षी नवे गाव घेतले की प्रत्येक तुकडी गावाचा नकाशा आणि लोकसंख्या काढण्यातच दोन महिने घालवते.

पहिल्या तुकडीने मेमध्ये मोजणी करायची, तिसऱ्या सत्रात त्यांच्यातल्या दोघांनी महिन्यातून एक शनिवार हंगामात जाऊन शीट चालू आहे का बघायचे, आणि पुढच्या तुकडीला फाइल हातात द्यायची. फाइलीत काय असावे तेही ठरवा : कोणाला कधी भेटायचे, कोणती माहिती आधीच गोळा झाली आहे, काय करून पाहिले आणि चालले नाही. शेवटचा भाग विद्यार्थी लिहीत नाहीत, कारण गुण जातील असे वाटते. त्याला वेगळे गुण द्या.

गुणांपैकी ३० ते ४० टक्के संस्थेच्या हाती असावेत. पीपीटी चांगली झाली की शंभरातले नव्वद मिळतात आणि संस्थेला काही उरत नाही, ही तक्रार तेव्हाच थांबेल. प्राध्यापकाच्या कार्यभारातही हे तास धरा. मुंबईच्या एसपीजैन संस्थेचा डॉक हा सामाजिक प्रकल्प किंवा आणंदच्या इर्मा या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेचा गावातला मुक्काम टिकले, कारण ते अभ्यासक्रमाचाच भाग आहेत. प्राध्यापकाने रविवारी हौसेने करायचे काम दोन वर्षांत बंद पडते.

प्रश्न : मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचा अहवाल आला. नव्वद पाने, इंग्रजीत. आमच्या संचालक मंडळात ते कोणी वाचू शकत नाही. आता काय करायचे?
– संचालक, शेतकरी उत्पादक कंपनी, वरुड तालुका

कॉलेजला पत्र लिहा आणि तीन गोष्टी मागा. पहिली, चार पानी मराठी सार. त्यात प्रस्तावना नको, ‘हे करा, याला इतका खर्च, हे कोण करणार’ एवढेच हवे. दुसरी, कच्च्या माहितीची एक्सेल फाइल, पासवर्डशिवाय. पीडीएफमधले तक्ते पुढच्या वर्षी पुढे भरता येत नाहीत. तिसरी, दोन विद्यार्थ्यांनी मासिक सभेत येऊन संचालकांसमोर अर्धा तास बोलायचे. पदवी घेऊन ते नोकरीला लागले असतील तर व्हिडिओ कॉलवर चालेल, पण प्राध्यापक प्रत्यक्ष हवेत.

संत्र्याबद्दलचा अहवाल असेल तर त्यात आंबिया आणि मृग या दोन बहारांचे (हंगामांचे) आकडे वेगळे आहेत का, हे आधी पाहा. एकत्र केलेले असतील तर भावाची सरासरी काही कामाची नाही, ती वेगळी करून मागा. प्रतवारीनुसार, म्हणजे चुरी (लहान फळांचा) माल धरून आणि वगळून, असे दोन्ही भाव असावेत. पत्र स्पीड पोस्टाने कॉलेजच्या संचालकांच्या नावे पाठवा आणि प्रत विभागप्रमुखांना द्या. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर या वर्षीची तुकडी घेऊ नका.